अंगठीतला हिरा कुठला, हे सासरी सांगावे का?

आदरणीय ताई,

मी २९ वर्षांचा असून पिंपरी-चिंचवडमध्ये एका कंपनीत अभियंता आहे. दोन महिन्यांनी माझा साखरपुडा आहे. होणारी पत्नी सांगलीची असून दंतवैद्य आहे. तिच्या आईंनी बोलता बोलता, ‘लेकीच्या बोटात हिऱ्याची अंगठी बघायची हौस आहे,’ असे सांगितले. घराचे हप्ते चालू असल्यामुळे अंगठीसाठी मी एक लाख रुपयेच बाजूला ठेवू शकलो आहे. एवढ्या रकमेत खाणीतला हिरा जेमतेम पाव कॅरेटच्या आसपास बसतो. प्रयोगशाळेत तयार केलेला मात्र एक कॅरेटचा घेऊनही थोडे पैसे उरतात. आई म्हणते, शुभकार्यात नकली वस्तू नको, शिवाय हिरा सगळ्यांनाच लाभतो असे नाही. मोठी बहीण म्हणते, घेऊन टाक, सांगायचे कशाला, कुणाला कळणार आहे! अंगठी अचानक द्यायची इच्छा असल्यामुळे होणाऱ्या पत्नीशी यातले काहीच बोललेलो नाही. प्रयोगशाळेतला हिरा घेतला तर ती फसवणूक ठरेल का?

— एक वाचक, पुणे जिल्हा

प्रिय वाचक,

प्रयोगशाळेतला हिरा घेणे ही फसवणूक नाही. तो खाणीतला आहे असा समोरच्यांचा समज होऊ देऊन आपण गप्प राहणे ही मात्र फसवणूक आहे, आणि तुमच्या बहिणीचा सल्ला, कितीही मायेपोटी दिलेला असला तरी, नेमका तिकडेच नेणारा आहे.

आधी तुमच्या आईंच्या शंकेकडे वळते, कारण ती रास्त आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘अमेरिकन डायमंड’ या नावाने जो चमकदार खडा विकला जातो तो क्युबिक झिर्कोनिया असतो, आणि अलीकडे सर्रास दिसणारा मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हे दोन्ही पदार्थ हिऱ्यासारखे दिसतात, पण हिरे नव्हेत. त्यांना आईंनी नकली म्हटले तर त्यांचे काही चुकत नाही. प्रयोगशाळेतला हिरा या पंक्तीत बसत नाही, कारण तो शुद्ध कार्बनचाच असतो, त्याच्या स्फटिकाची रचना खाणीतल्या हिऱ्याचीच असते आणि मोह्स मापनपट्टीवर त्याची कठीणताही तीच, म्हणजे १०, भरते. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांनी १९५४ साली प्रचंड दाब आणि उष्णता वापरून असा हिरा घडवला, तेव्हापासून हे तंत्र जगात आहे. आज दागिन्यांसाठीचे कितीतरी हिरे दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे निर्वात कक्षात मिथेन आणि हायड्रोजनचे वायुमिश्रण तापवून हिऱ्याच्याच एका पातळ चकतीवर कार्बनचे थर चढवत, काही आठवड्यांत वाढवले जातात; आणि हे काम दूर कुठे परदेशातच चालते असे नाही, आपल्या शेजारच्या सुरतेत त्याचे मोठे कारखाने आहेत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली दागिन्यांच्या व्यापारासाठीची आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली, तेव्हा हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढून टाकला. मात्र असा हिरा विकताना तो प्रयोगशाळेतला आहे हे स्पष्ट सांगण्याची अट त्यांनी कायम ठेवली. तुमच्या प्रश्नाचे उत्तरही थोडेफार याच मार्गाने जाते.

आईंना हे रसायनशास्त्र सांगून कितपत पटेल, याबद्दल मी साशंक आहे. त्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या दागिन्यांच्या डब्यातला दाखला द्या. आपल्या नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत आज जे मोती असतात ते बहुतेक सगळे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानने ही मोत्यांची शेती व्यापारी पातळीवर नेली आणि समुद्रातून बुड्या मारून काढलेला बसऱ्याचा मोती हळूहळू अतिश्रीमंतांची आणि संग्राहकांची वस्तू झाला. तरीही हळदीकुंकवाला कुणी कुणाच्या नथीतला मोती खोटा म्हणत नाही. खोटा म्हणतात तो काचेचा किंवा प्लास्टिकचा. एक बाजू मात्र आईंपासून लपवू नका: मोती असे मुबलक झाले तेव्हा त्यांचे भाव कोसळले, आणि हिऱ्यांचेही तेच चालले आहे. राहिला हिरा लाभण्याचा प्रश्न. ज्यांच्या घरी शुक्राचे रत्न म्हणून हिऱ्याकडे पाहिले जाते, त्यांनी आपल्या गुरुजींना खुशाल विचारावे; पण हिरा लाभणार नसेल तर तो खाणीतलाही लाभायचा नाही, तेव्हा या दोहोंतला निवाडा पत्रिकेवर टाकता येणार नाही.

आता बहिणीचा मुद्दा. नुसत्या डोळ्यांनी, किंबहुना सराफाच्या भिंगानेही, हे दोन हिरे वेगळे ओळखता येत नाहीत, आणि उष्णतेवर चालणारे साधे परीक्षकयंत्र दोघांनाही हिराच ठरवते. इथपर्यंत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे त्याच्या कमरेच्या बारीक पट्टीवर, बहुधा लेझरने त्याचा क्रमांक आणि तो प्रयोगशाळेत वाढवला असल्याची खूण कोरलेली असते आणि ती भिंगाखाली वाचता येते. शिवाय रत्नपरीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळांतली वर्णपटावर चालणारी यंत्रे हा फरक लगेच सांगतात, आणि तशी छोटी यंत्रे आता अनेक पेढ्यांवरही आली आहेत. उद्या अंगठी सैल झाली, बाळंतपणानंतर बोटात जाईनाशी झाली किंवा नुसती उजळायला म्हणून तुमच्या पत्नी सांगलीच्या आपल्या माहेरच्या सराफाकडे घेऊन गेल्या, तर हे गुपित अशा ठिकाणी आणि अशा माणसाच्या तोंडून फुटेल की तिथे तुमची बाजू मांडायला तुम्ही नसाल. सासूबाईंना त्या दिवशी हिऱ्याच्या किमतीचे वाईट वाटणार नाही. इतकी वर्षे आपण चारचौघांत जे कौतुकाने सांगत आलो ते जावयांनी मुकाट्याने ऐकून घेतले, याचे वाटेल.

पैशाच्या बाजूने पाहता दोन्हीकडच्या विक्रेत्यांचे ऐकून तुमचा गोंधळ झालेला असणार. सरळ सांगायचे तर प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला मोडीत जवळपास किंमत नसते असेच धरून चाला. खाणीवर भूगर्भाची मर्यादा असते, कारखान्यात मात्र आणखी यंत्रे बसवली की उत्पादन वाढते, आणि त्यामुळे हे भाव सतत उतरत आले आहेत. खाणीच्या व्यवसायातली बलाढ्य डी बिअर्स कंपनी २०१८ साली ‘लाइटबॉक्स’ या नावाने कॅरेटला ८०० डॉलर या दराने या बाजारात उतरली आणि २०२५ मध्ये तिने तो व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. म्हणून खाणीतला हिरा ही गुंतवणूक आहे, असे मात्र समजू नका. त्याच्याही भावाला गेल्या काही वर्षांत उतार लागलेला आहे आणि तो विकायला गेल्यावर विकत घेतानाची रक्कम हाती पडत नाही. अडीअडचणीला सोनेतारण कर्ज काढायची वेळ आली तर बँक खडा वजा करून फक्त सोन्याचेच मोल धरते. तेव्हा अंगठीतले सोने ही मालमत्ता आणि खडा ही हौस, असा हिशेब मनाशी ठेवलात तर दोन्ही पर्यायांकडे शांतपणे पाहता येईल. तुमचे हप्ते आणि तुमचे बजेट पाहता मला स्वतःला प्रयोगशाळेतलाच हिरा योग्य वाटतो.

पण तो एक कॅरेटचा घेऊ नका. स्वस्त मिळतो म्हणून मोठा घ्यावा हा मोह या बाजारात सगळ्यांनाच होतो, आणि तुमच्या बाबतीत तो विशेष गैरसोयीचा ठरेल. तुमच्या होणाऱ्या पत्नी दंतवैद्य आहेत. दिवसातून कितीतरी वेळा त्या हातमोजे चढवणार आणि उतरवणार. उंच काट्यांवर बसवलेला एक कॅरेटचा खडा त्या हातमोज्यात अडकेल, तो फाडेल आणि आठवड्याभरात अंगठी कपाटात जाऊन पडेल. रुग्ण तपासताना त्या बहुधा अंगठी काढूनच ठेवतील, तरीही इतर वेळी सहज घालता येईल अशी ती असावी. पन्नास-साठ सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरेटचा किंवा त्याहून किंचित मोठा, उत्तम पैलूंचा खडा घ्या आणि तो बोटालगत बेताच्या उंचीवर, भोवती सोन्याची अखंड कड येईल अशा कोंदणात बसवून घ्या. दुकानात याला बेझल म्हणतात. हिऱ्याची झळाळी आकारापेक्षा पैलूंच्या नेमकेपणावर जास्त अवलंबून असते, त्यामुळे आकारात वाचलेले पैसे तिकडे वळवले तर ते वाया जात नाहीत.

खडा पाहताना दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. तो उंबऱ्यापाशी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा, कारण वायुपद्धतीने वाढवलेल्या काही हिऱ्यांत किंचित तपकिरी किंवा करडी झाक राहते, तर दाबाच्या पद्धतीतल्या काहींत निळसर. प्रमाणपत्र आयजीआय या रत्नपरीक्षण संस्थेचे असेल तर त्यात रंग आणि शुद्धतेच्या ओळखीच्या श्रेणी मिळतील. जीआयए या अशाच दुसऱ्या संस्थेने मात्र ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना त्या श्रेणी देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवले आहेत, म्हणून या दोन संस्थांची प्रमाणपत्रे शेजारी ठेवून तुलना करू नये. सोने १८ कॅरेटचे, म्हणजे ७५० शिक्क्याचे घ्या. २२ कॅरेटचे सोने मऊ असल्याने खडा घट्ट धरून ठेवायला ते कमी पडते, हे आईंनाही आधीच सांगून टाका, नाहीतर तिथे नवा वाद उभा राहील. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याची ग्वाही देतात, हिऱ्याची नाही. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, घडणावळ, खड्याची किंमत आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या, आणि खड्यापुढे ‘प्रयोगशाळेत वाढवलेला’ असा उल्लेख व प्रमाणपत्राचा क्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘पर्यावरणपूरक’ या पाटीसाठी मात्र एक रुपयाही जास्त मोजू नका. खाणींमध्ये कामगारांचे हाल झाले आहेत हे खरे, आणि २००३ पासून लागू झालेली किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था, प्रामुख्याने बंडखोर टोळ्यांना पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांपुरतीच आहे हेही खरे; पण हे कारखानेही भरपूर वीज खातात, आणि ती कोळशावर तयार झालेली असेल तर त्या पाटीला फारसा अर्थ उरत नाही.

राहिली अचानक देण्याची इच्छा. ती मला गोड वाटली, पण तिला थोडी मुरड घालावी लागेल. मापासाठी तुम्हाला बोट मोजून घ्यावेच लागणार आहे, म्हणजे निम्मे गुपित तिथेच फुटते. तेव्हा खड्याबद्दल मोकळेपणी बोला आणि घडण कशी असेल तेवढे गुपित ठेवा. ‘मला एक लाखापर्यंत जमण्यासारखे आहे, त्यात खाणीतला छोटा हिरा येतो किंवा प्रयोगशाळेतला त्याहून मोठा, मला दुसरा पटतो, तुला काय वाटते?’ असे साधे विचारा. हप्त्यांचा विषयही त्याच ओघात निघेल, आणि लग्नाआधी तो निघालेला बरा. त्यांचा होकार आला की सासूबाईंना कसे सांगायचे हे त्यांच्यावर सोपवा. आपल्या आईशी कोणत्या शब्दांत बोलावे हे लेकीला जावयापेक्षा चांगले कळते. साखरपुड्याच्या दिवशी कुणी हौसेने किंमत विचारलीच, तर ती सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. हिरा कुठला असे विचारले तर मात्र खरे ते सांगा.

आणि होणाऱ्या पत्नी म्हणाल्या की मला खाणीतलाच हवा, लहान असला तरी चालेल, तर पाव कॅरेटचा खाणीतला हिरा घ्या आणि वर लिहिलेला सगळा युक्तिवाद त्यांना ऐकवत बसू नका. त्या म्हणाल्या की मला हिराच नको, तर नुसत्या सोन्याची घसघशीत अंगठी घडवा. या दोन्हींत कर्ज काढण्याची वेळ येत नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत ते काढू नका. मापाप्रमाणे अंगठी घडवून मिळायला तीन-चार आठवडे लागतील असे धरा आणि कमी-जास्त करायला एखादा आठवडा हाताशी ठेवा, म्हणजे हे बोलणे येत्या रविवारच्या पुढे ढकलणे तुम्हाला परवडणार नाही.