फ्री डिशची स्ट्रेंथ ८५ पण क्वालिटी ३० : छत्री हलवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चिपळूणला गच्चीवर ६० सेंमीची डीडी फ्री डिशची छत्री आहे, बसवून काही वर्षं झालीत. बॉक्सवर स्ट्रेंथ ८५ टक्के दिसते, क्वालिटी मात्र ३० च्या आसपास. काही चॅनल व्यवस्थित लागतात, काहींचं चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं आणि पाऊस आला की सगळंच जातं. छत्री फिरवून बघावी का?

इतक्यात नाही. दोष वायरीत असेल आणि तुम्ही छत्री हलवलीत, तर एका दोषाचे दोन होतील आणि मग कुठला कशामुळे हे कळणार नाही. छत्रीचे नट सगळ्यात शेवटी ढिले करायचे.

आधी आकड्यांचा अर्थ. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबीकडून (छत्रीच्या दांडीवरचा तो डबा) बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा पोचते ते. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे छत्री रिकाम्या आभाळाकडे वळवली तरी बऱ्याच बॉक्सवर ही पट्टी निम्म्याच्या वर राहते. क्वालिटी म्हणजे त्यातला कामाचा सिग्नल किती स्वच्छ आहे ते. तुमचे ८५ आणि ३० एवढंच सांगतात की बॉक्सचा वीजपुरवठा एलएनबीपर्यंत जातोय आणि एलएनबी जिवंत आहे, पण येणारा सिग्नल गढूळ आहे. इथून पुढे स्ट्रेंथकडे बघूच नका. शेजाऱ्याच्या बॉक्सवरच्या टक्क्यांशी तुलनाही नको, प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते.

आता आभाळ मोकळं असेल अशा वेळी बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेन्यूत जा (पासवर्ड बदललेला नसेल तर सहसा ००००). एलएनबी ‘युनिव्हर्सल ९७५०/१०६००’ अशी निवडलेली आहे ना, ते पाहा. मग ११०९०, १११७०, ११४७०, ११५५० आणि ११६३० या फ्रिक्वेन्सी एकेक करून निवडा, प्रत्येकीला पोलरायझेशन (सिग्नलच्या लहरीची दिशा) व्ही म्हणजे उभं, आणि सिम्बॉल रेट २९५००. प्रत्येकीची क्वालिटी कागदावर लिहून घ्या. या पाच ओळींतून अर्धं निदान होतं.

सगळ्यांची क्वालिटी सारखीच पडलेली असेल, तर दोष वर आहे : छत्रीची दिशा, एलएनबी किंवा समोरचा अडथळा. ११०९० ठीक आणि वर जाल तशी क्वालिटी उतरत असेल, तर वायरीवर संशय घ्या. एलएनबी येणाऱ्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करून उरलेली वायरीत सोडते, म्हणजे ११०९० चे १३४० मेगाहर्ट्झ होतात आणि ११६३० चे १८८०. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका वायरीतला ऱ्हास जास्त. पाणी शिरलेल्या किंवा हलक्या वायरीत हा फरक ठळक होतो. त्यातही ११५५० च्या पुढचेच चॅनल अडकत असतील आणि घराजवळ मोबाईलचा टॉवर असेल, तर तो योगायोग नसावा. मोबाईलचा १८०० चा पट्टा टॉवरकडून फोनकडे १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका या चॅनलांच्या वायरीतल्या जागेवर. जाळी (मधल्या तारेभोवतीचं विणलेलं धातूचं आवरण) विरळ असलेली वायर किंवा ढिली पिन (वायरीच्या टोकाचा जोड) तो आत ओढून घेते. उपाय एकच : दाट जाळीची आरजी-६ वायर आणि घट्ट बसलेल्या पिना.

एखादा चॅनल सापडतच नसेल आणि त्याच फ्रिक्वेन्सीची क्वालिटी मात्र चांगली असेल, तर रिसेप्शनचा संबंध नाही. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती; जुना एमपेग-२ बॉक्स एमपेग-४ चे चॅनल दाखवत नाही. शिवाय फ्री डिश चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या चॅनल-जागांच्या लिलावानंतर खासगी चॅनल बदलतात, तेव्हा नव्याने स्कॅन करावं लागतं.

आता वायर. कोकणातल्या पावसात हाच पहिला संशयित, आणि यातच सगळ्यात जास्त घरांचा दोष निघतो असं माझं मत आहे. बॉक्सचा प्लग काढूनच पिना सोडवा. वायरीत १३ ते १८ व्होल्ट असतात. तुम्हाला धक्का बसणार नाही, पण मधली तार बाहेरच्या भागाला टेकली तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो. एलएनबीकडची पिन उघडून बघा. मधली तार चकचकीत तांबूस हवी. ती काळी किंवा हिरवी पडली असेल, जाळी ओलसर लागत असेल, तर ३० सेंमी वायर कापून टाका आणि आतला भाग पुन्हा बघा. तिथेही काळपटपणा असेल तर अजून कापत बसू नका, पूर्ण वायर बदला. पाणी जाळीतून केशाकर्षणाने मीटर-मीटर आत जातं आणि एकदा खराब झालेली वायर सुकवूनही सुधारत नाही.

नवी पिन लावताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका आणि मधली तार पिनेच्या कडेबाहेर २-३ मिमीच ठेवा. कमी राहिली तर संपर्क सुटतो, जास्त राहिली तर सॉकेटची पकड कायमची सैल होते. पिळून बसवायच्या पिनेपेक्षा दाबून बसवायची कॉम्प्रेशन पिन घ्या, तिचं हत्यार केबलवाल्याकडे असतं. पिनेवर साधी वीजकामाची टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, उन्हात तिचा चिकटपणा जातो आणि मग ती पाणी धरून ठेवते. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती ताणून, खालून वर अशी गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पिनेला लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. एलएनबीपासून निघालेल्या वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळ पिनेकडे न जाता झोलाच्या तळाशी गळून पडेल. उघड्यावर काळ्या आवरणाचीच वायर घ्या. घरातली पांढरी वायर उन्हाने तडकते.

वायर दोषी आहे की वरचं काही, हे पक्कं करायचं असेल तर छोटा टीव्ही आणि बॉक्स गच्चीवर न्या आणि २-३ मीटरच्या नव्या तुकड्याने थेट एलएनबीला जोडा. क्वालिटी ३० वरून एकदम ६०-७० वर गेली, तर छत्रीला हातही लावायचा नाही. मध्ये केबल टीव्हीचा जुना स्प्लिटर (एक वायर अनेक टीव्हींना वाटणारा जोड) असेल तर तोही काढा. ते ८६० किंवा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच्याच कामासाठी असतात. दोन बॉक्स चालवायचे असतील तर दोन तोंडांची एलएनबी घ्या.

थेट जोडूनही क्वालिटी तेवढीच राहिली तर एलएनबी नीट बघा. पुढच्या प्लास्टिकच्या टोपीला चीर गेली आहे का? उन्हाने ती ठिसूळ होते, कावळे चोच मारतात. आत पाणी, कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं मातीचं घर सापडणं नेहमीचं आहे. सकाळी सगळं छान आणि दुपारी ऊन तापलं की चॅनल जाणं, हे एलएनबी म्हातारी झाल्याचं लक्षण. तिची अंतर्गत फ्रिक्वेन्सी तापमानाबरोबर सरकते. ती दुरुस्त करत नाहीत, बदलतात. काढण्याआधी ती धारकात किती फिरवलेली आणि किती आत आहे, तिथे मार्करने खूण करा. तिचा पीळ चुकला तर आडव्या पोलरायझेशनचा सिग्नल उभ्यात मिसळतो आणि क्वालिटी पडते. नवी बसवल्यावर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवून क्वालिटी कुठे जास्त होते ते बघा.

एलएनबीची दांडीही तपासा. तिच्यावर माकडं लोंबकळतात. दांडी सेंटिमीटरभर बाजूला वाकली तरी छत्रीची नजर एक-दीड अंश हलते. छत्री स्वतःच पिळली गेलीय का, हे दोन दोऱ्यांनी कळतं : कडेवर एकमेकांना काटकोनात ताणून बांधा, मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकायला हवेत. अंतर पडलं किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पत्रा वाकलाय.

अडथळ्याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. चिपळूणहून तो आग्नेयेला, होकायंत्रावर सुमारे १३० अंशांवर, क्षितिजापासून ५९ अंश उंच दिसतो. (मुंबईहून १३१ आणि ५७.५, नागपूरहून १४४.५ आणि ६०.) आपली छत्री बघायला एवढी वर तोंड केलेली वाटत नाही, कारण एलएनबी मध्यभागी नसून खाली असते आणि छत्रीची खरी नजर तिच्या तोंडापेक्षा २०-२५ अंश वर असते. म्हणून समोरची इमारत उगाच दोषी ठरते. हिशोब असा : अडथळा छत्रीपासून जितका लांब, त्याच्या सुमारे १.७ पटींहून जास्त तो छत्रीच्या वर उंच असेल तरच आड येतो. ५ मीटरवरचा माड छत्रीपेक्षा साडेआठ मीटर उंच असला पाहिजे. मात्र डोक्यावर वाढलेली आंब्याची फांदी नक्की आड येते, आणि ओली पानं कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खातात. नुसत्या रिमझिमीत चॅनल जात असतील, तर आधी फांदी बघा.

एवढं सगळं करूनही क्वालिटी पडलेलीच असेल, तर छत्री. पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी तपासा. तो कललेला असेल तर छत्री आडवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि सिग्नल सापडत नाही. मग पाइप आणि छत्रीला पाइपवर धरणारा कंस या दोन्हींवर मिळून एक सलग रेघ मारा, म्हणजे जुन्या जागी परत येता येईल. नट फक्त इतके ढिले करा की छत्री जोर लावल्यावरच हलेल. ६० सेंमीच्या छत्रीत एक अंश म्हणजे कडेला जेमतेम ५ मिमी. एका वेळी २-३ मिमी हलवा आणि ५ सेकंद थांबा, कारण बॉक्सवरचा आकडा उशिरा बदलतो. घाई करणारा नेमका इथेच सिग्नलच्या पुढे निघून जातो. दीडच अंश पलीकडे, ९५ अंशांवर, डिश टीव्हीचा उपग्रह आहे. छत्री दोघांच्या अधेमधे राहिली तर त्याचा सिग्नल आपल्यात मिसळतो आणि तुमच्यासारखं चित्र दिसतं : स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी मेलेली. आधी आडवी दिशा, मग उंची, मग पुन्हा आडवी. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि आवळताना क्वालिटीवर नजर ठेवा. एकच नट पूर्ण आवळला तर छत्री अंशभर सरकते.

मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात, या दिवसांत सकाळी ११ च्या सुमारास काही मिनिटं सिग्नल गेला तर काही करू नका. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. छत्रीसमोर काय आडवं येतंय हे बघायची तीच उत्तम वेळ : तेव्हा छत्रीवर सावली पडत असेल, तर सावली टाकणारी वस्तूच तुमचा अडथळा.

मोकळ्या आभाळात क्वालिटी ७० च्या वर आली आणि तरी मुसळधार पावसात १०-१५ मिनिटं चॅनल गेले, तर तो दोष नाही. फ्री डिश ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात येते तो केयू बँड जोराच्या पावसात शोषला जातो. तेवढंही नको असेल तर ९० सेंमीची छत्री लावा. क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल. फक्त तिला वारा खूप लागतो, म्हणून पाइप जाड हवा आणि तो भिंतीला दोन ठिकाणी धरलेला हवा. तिची नजरही अरुंद असते, पण कड मध्यापासून लांब असल्याने कडेला मोजलेले वरचे २-३ मिमी तिथेही तेवढेच ठेवा.