आजोबांचं वाफेचं इंजिन रंगवू की तसंच ठेवू?

जुनी यंत्रं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले. आजोबांची जिनिंग होती, ती बंद पडून जमाना झाला, पण मागच्या टिनाच्या शेडमधे एक वाफेचं इंजिन अजून उभं आहे. चार लोखंडी चाकं, वर लांब चिमणी (ती मागे आडवी पाडता येते), बाजूला मोठं फ्लायव्हील. पितळी पाटीवर मार्शल सन्स, गेन्सबरो एवढं वाचता येतं. हिरवा रंग कुठे कुठे दिसतो, बाकी गंज आणि तेलाची काळी पुटं. धाकट्या भावाला सँडब्लास्ट करून (वाळूचा जोरात मारा करून), रंगवून ते परत वाफेवर चालवायचंय, रील टाकायची घाई झालीये त्याला. काका म्हणतात हातच लावू नका. भंगारवाला तर येताजाता चक्कर मारतोच. शेडची जागा विकायची चाललीये म्हणून लवकर ठरवायचंय. चकाचक करावं की आहे तसं ठेवावं?

उत्तर : काकांचं निम्मं ऐका आणि भावाचं सध्या काहीच ऐकू नका.

भावाचा उत्साह मला कळतो, पण सँडब्लास्टिंगवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा, कारण त्या एका दुपारी जे उडेल ते परत येत नाही. गंजाचं काय, तो थांबवून ठेवता येतो आणि पाच वर्षांनी काढला तरी चालतो. मूळ रंग मात्र एकदा गेला की गेला, मग कितीही भारी रंग आणून मारा, ते तुमच्या गावच्या पेंटरचं इंजिन. त्या काळ्या पुटांमधली एखादी जागा निवडा, चाकाचा आरा घ्या नाहीतर सिलिंडरची बाजू, आणि सुती फडक्याला जरासं रॉकेल लावून हलकेच टिपा, घासायचं अजिबात नाही. खालून बऱ्याचदा बारीक रेघा निघतात, इंग्लंडमधल्या कारखान्यात ब्रशने हाताने ओढलेल्या. कधी एखादं अक्षर निघतं, कधी आपल्याच फिटरने छिन्नीने मारलेल्या खुणा निघतात की हा बोल्ट या भोकाचा. फ्लायव्हीलची कड बघा, पट्टा कुठल्या अंगाला जास्त घासलाय ते कळेल, आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटवायच्या पेटीच्या, दाराची खालची ओठाळी बघा, फावडं आपटून आपटून ती एका बाजूने झिजलेली असते, म्हणजे आग मारणारा माणूस कुठल्या बाजूला उभा राहायचा ते आज कळतं. हे सगळं सँडब्लास्टमधे सपाट होतं.

आता काकांचं. हात लावू नका म्हणजे तसंच सडू द्या असा अर्थ होत असेल तर तेही चूकच. इंजिन जसंच्या तसं ठेवायलाही काम लागतं, फक्त ते रीलमधे दिसत नाही. पहिलं म्हणजे बॉयलरमधे पाणी अडकलंय का बघा, खालचे वॉशआउट प्लग (धुण्यासाठीची बुचं) उघडून सगळं काढा. आतून कोरडं झालं की पत्र्याच्या ट्रेमधे कळीचा चुना भरून आत सरकवा, तो ओल शोषून घेतो, फुगून भुगा झाला की बदलायचा, ही जुनी पद्धत आहे आणि अजून चालते. फायरबॉक्स आणि स्मोकबॉक्समधली (चिमणीखालच्या धुराच्या पेटीतली) राख काढाच, ओलसर राख पत्रा खाते, पण त्यातली मूठभर डबीत भरून वर चिठ्ठी लावा, तुमच्याकडे दगडी कोळसा जळत होता का लाकूड का पऱ्हाटी ते त्यातूनच कळेल. चिमणीच्या तोंडावर टोपण घाला. चाकं मातीत रुतली असतील तर जाड लाकडी फळ्यांवर घ्या. सिलिंडरमधे तेल सोडा आणि फ्लायव्हील हाताने हलतंय का बघा, नसेल हलत तर पहार लावून जोर काढू नका, डिझेल आणि तेलाचं मिश्रण आत सोडून आठवडेच्या आठवडे थांबा. जिथे उघडं लोखंड दिसतंय तिथे मेणाचा पातळ हात. जवसाचं तेल लावा असं कुणीतरी सांगेलच, इंग्लंडमधे पुष्कळ लोक लावतात, पण ते सुकलं की चिवट थर बसतो, काढायला जीव जातो आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत त्यावर अजून एक थर चढतो, म्हणून मला ते पटत नाही.

दोन गोष्टींना मात्र खरंच हात लावू नका. बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाखाली बहुतेक लाकडाच्या पट्ट्या असतील, पण पुढे कुणी दुरुस्ती करताना ॲस्बेस्टॉस भरलेलं असू शकतं, दारांच्या आणि सांध्यांच्या दोऱ्याही कित्येकदा त्याच्याच असतात. आणि रंगाच्या खाली जर शेंदरी अस्तर दिसलं तर तो खरोखरच शेंदूर, म्हणजे शिसं. कोरडा घासून त्याची धूळ छातीत घ्यायची नाही, पोरांना तर तिथे फिरकूही देऊ नका.

आता मोठा प्रश्न, चालवायचं की नाही. माझं मत सरळ आहे, तुमचं इंजिन पूर्ण आहे, पाटी आहे, मूळ रंग आहे आणि ते जिथे काम करत होतं तिथेच उभं आहे, हे चारही एकत्र क्वचित जमतं. असं इंजिन वाफेवर आणू नये. का ते रॉकेटवरून कळेल. स्टीफन्सन बापलेकांचं 1829 चं रॉकेट नावाचं रेल्वे इंजिन 1862 मधे लंडनच्या म्युझियमला मिळालं आणि ते परत चालवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मग 1999 मधे दोन अभ्यासकांनी ते सुटं करून तपासलं तेव्हा त्यावर कधी कधी काय बदल झाले हे अंगावरच्या खुणांवरून वाचता आलं. दीडशे वर्षांत कुणी हौसेने नवीन बॉयलर बसवला असता तर काय वाचणार होते? आणि लोकांना धावताना बघायचं होतं म्हणून 1979 मधे वेगळी प्रतिकृती बनवली, तिला काय हवं ते करा.

चालवायचं म्हटलं की बदलावं लागतंच हो, त्याला इलाज नाही. ट्यूबा नव्या, स्टे (पत्र्यांना आतून धरणारे दांडे) नवे, फायरबॉक्सचा पत्रा पातळ झाला असेल तर तोही नवा, आणि असं करत करत मूळचं लोखंड कमी होत जातं. शिवाय पैसा. फ्लाइंग स्कॉट्समन या रेल्वे इंजिनाचं नाव ऐकलं असेल, ॲलन पेग्लर नावाच्या गृहस्थाने 1963 मधे ब्रिटिश रेल्वेकडून ते 3000 पौंडांना घेतलं, स्वस्तच पडलं म्हणायचं, 1969 मधे अमेरिकेच्या दौऱ्यावर नेलं आणि 1972 मधे गृहस्थ दिवाळखोर झाले. पुढे आणखी एका मालकाची तीच गत झाली. शेवटी 2004 मधे ते नॅशनल रेल्वे म्युझियमने 23 लाख पौंडांना घेतलं, आणि त्यानंतर दुरुस्तीला 2006 पासून 2016 पर्यंत दहा वर्षं आणि 42 लाख पौंड लागले. तुमचं इंजिन त्याच्यासमोर बारकं आहे हे कबूल, पण हत्ती पोसायचा खर्च हत्ती घेताना कुणी धरत नाही, तसलाच हा प्रकार.

जागा विकली जाणार असेल तर हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, शेडमधे ते कुठे उभं होतं, पट्टा कुठल्या भिंतीतून कुठल्या शाफ्टवर जायचा त्याचं साधं रेखाटन करा, आणि काकांना बसवून मोबाईलवर बोलतं करा. हे आधी, क्रेन नंतर. पितळी पाटी मात्र आजच काढून घरात ठेवा, भंगारवाला तिच्यासाठीच चकरा मारतोय.

प्रश्न : मी पुण्याचा. एका नगरपालिकेच्या लिलावात मिळालेला वाफेचा रोडरोलर माझ्याकडे आहे. त्याचं पितळ आधीच गेलेलं, गेज नाहीत, आणि पिवळा-काळा ऑईल पेंट इतके वेळा मारलाय की नटबोल्टचे कोपरेसुद्धा गोल झालेत. तुमच्यासारखे लोक सारखं तसंच ठेवा तसंच ठेवा म्हणत असतात. यंत्र चाललंच नाही तर त्याचा उपयोग काय? आणि चालवायला परवानगी लागते का?

उत्तर : तुमचा रोलर तुम्ही खुशाल चालवा, मी आडवा येणार नाही. तसंच ठेवा हे मी सगळ्यांना सांगत नाही. जिथे राखण्यासारखं मूळ काही उरलेलंच नाही तिथे गंजाला ओवाळून काय मिळणार? वेल्समधे बॅरी गावाला वुडहॅम ब्रदर्स म्हणून भंगार यार्ड होतं, ब्रिटिश रेल्वेची 297 इंजिनं तिथे तोडायला आली आणि त्यातली 213 हौशी लोकांनी आणि संस्थांनी एकेक करून सोडवून नेली. समुद्राच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी, पितळ-तांबं गेलेलं, रंगाचा पत्ता नाही. त्यातली कित्येक आज गाड्या ओढतायत आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही, मुरडूही नये. काही अजून रांगेत गंजत पडलीत ती गोष्ट वेगळी, पैसे संपले की असंच होतं.

चालवण्यात एक फायदा आहे जो नुसतं ठेवण्यात नाही, तो म्हणजे माणसं तयार होतात. रिव्हेट कसा मारायचा, आग कशी लावायची, पाणी कधी सोडायचं हे बघूनच शिकता येतं. इंग्लंडमधे ट्रॅक्शन इंजिनांचा (रस्त्यावर, शेतात स्वतः चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा) हा सगळा नाद 1950 मधल्या एका पैजेने वाढला, दोघांनी बिअरच्या पिंपावर आपापली इंजिनं शेतात पळवली आणि बघायला लोक जमले, पुढे जत्राच भरायला लागल्या. म्हणजे गंमत म्हणूनही चालवा की.

पण बॉयलर गंमत नाही. अमेरिकेत ओहायोमधे मेदिना काउंटीच्या मेळ्यात 29 जुलै 2001 ला खासगी मालकीचं एक जुनं केस कंपनीचं ट्रॅक्शन इंजिन फुटलं, पाच माणसं गेली, कितीतरी भाजली. चौकशीत काय निघालं तर फायरबॉक्सच्या छताचा पत्रा गंजून पातळ झालेला, पाणी कमी पडलेलं, आणि पाणी कमी झालं की वितळून आग विझवायला जो प्लग असतो त्यावर क्षाराचा थर बसलेला. बाहेरून इंजिन छान दिसत होतं. म्हणून रंगाचा डबा आणायच्या आधी बॉयलर. आपल्याकडे 1923 चा बॉयलर कायदा होता, आता त्याच्या जागी 2025 चा आलाय. रेल्वेच्या इंजिनांना त्यातून सूट असते, तुमच्या रोलरला नाही. राज्याच्या बाष्पके संचालनालयात जा, बॉयलरवर कोरलेला रजिस्टर नंबर शोधून न्या, आणि तपासणीशिवाय, प्रमाणपत्राशिवाय आणि परवानाधारक बॉयलर अटेंडंटशिवाय आगपेटी ओढू नका. अल्ट्रासॉनिकने पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजून घ्या आणि गार पाण्याची दाबचाचणी करा, ती वाफेच्या दाबाच्या दीडपट असते. गार पाण्यात फुटलं तर पाणीच गळेल. वाफेत फुटलं तर काय होतं ते वर सांगितलं. आणि कुणी वेल्डर म्हणाला की साहेब या रिव्हेटच्या सांध्यावर एक पट्टी मारून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रंगाचं म्हणाल तर सगळे थर काढण्याआधी एका कोपऱ्यात टप्प्याटप्प्याने एकेक थर उघडा आणि त्याचा फोटो ठेवा. नगरपालिकेच्या पिवळ्याखाली कदाचित अजून काही असेल. स्मोकबॉक्सच्या पुढच्या बाजूलाही नीट बघा, मागच्या पायांवर उभ्या घोड्याचं चिन्ह तिथे बसवल्याच्या खुणा सापडल्या तर रोलर एव्हलिंग कंपनीचा, इंग्लंडमधल्या केंट परगण्याचा तो घोडा त्यांची ओळख होता.

प्रश्न : बुलढाण्याचं ते मार्शल इंजिन आम्ही वडिलांच्या फार्महाऊसवर शोपीस म्हणून विकत घेऊ शकतो का? लॉनवर छान दिसेल. (नाशिक)

उत्तर : हा प्रश्न आमच्याकडे वेगळा आला होता, पहिल्या वाचकांची परवानगी घेऊनच इथे छापतोय. विकायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. लॉनवर मात्र नको. रोज स्प्रिंकलर, वर पाऊस, खाली ओली माती, चार-पाच पावसाळ्यांत चाकांची पोलादी धाव आणि स्मोकबॉक्सचा तळ गेलाच समजा, मग दरवर्षी 26 जानेवारीला स्टेशनाबाहेरच्या इंजिनांना मारतात तसा चंदेरी रंग मारत बसाल, पितळी पाटीसकट. छप्पर, पक्कं जोतं आणि तीन बाजूंनी हवा एवढं आधी बांधून दाखवा, मग त्यांच्याशी बोलणं करून देतो. बुलढाण्याच्या वाचकांना एक आठवण, क्रँकशाफ्टच्या टोकावर आणि सिलिंडरवर ठोकलेले आकडे शोधा आणि पाटीवरच्या नंबराशी जुळतात का ते कळवा, नंबर जुळला तर साल काढता येईल. आणि बॉयलरवरचा सरकारी नंबर वेगळा असतो, तो याच्यात मिसळू नका, 1956 पर्यंत तुमचा जिल्हा मुंबईकडे नव्हताच, त्यामुळे तो मुंबईच्या पद्धतीचा दिसला नाही तरी गोंधळून जाऊ नका.