रबाळे एमआयडीसीत 7 कामगारांचं पॉवर प्रेसचं (पत्रा दाबून कापणाऱ्या, वाकवणाऱ्या मशीनचं) युनिट आहे, ईएसआयसी (सरकारची राज्य कामगार विमा योजना) लागू नाही, मग कामगार भरपाईचा विमा घ्यावा का?

घ्याच, उद्यावर ढकलू नका. 10 माणसांच्या खाली ईएसआयसी नाही म्हणजे जबाबदारीही नाही असं बरेच मालक धरून चालतात, पण आहे उलटं, ईएसआयसी असती तर भरपाई त्यांनी दिली असती, आता ती थेट तुमच्या खिशातून जाणार. प्रेसखाली अंगठा गेला तर भरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतात, आणि 'त्याचं लक्ष नव्हतं' हे कारण चालत नाही.

पॉलिसीत पगार खरा दाखवा. ठेकेदाराची माणसं वेगळी नमूद करून घ्या, कारण त्याने हात वर केले तर भरपाई तुमच्याकडे मागता येते, मग तुम्ही बसा त्याच्याकडून वसूल करत. भरपाई द्यायला उशीर झाला म्हणून लागणारा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही.

पण विम्याच्या आधी प्रेसजवळ जाऊन बघा, दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत ना, की एकावर टेप मारून ते कायमचं दाबून ठेवलंय? पीस रेटवर (जितके नग तितकी मजुरी) काम असलं की हे सर्रास चालतं. ती टेप आजच काढा, आणि डाय (प्रेसमधला साचा) बदलताना मेन स्विचला कुलूप, चावी डाय बदलणाऱ्याच्याच खिशात.