लाल रिंग आणि आतली काच : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे कॅननचा फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) डीएसएलआर कॅमेरा आणि ५० मिमी एफ १.८ एसटीएम ही स्वस्तातली लेन्स आहे. बरोबरीचे छायाचित्रकार म्हणतात की लाल रिंगची, म्हणजे कॅननच्या महागड्या ‘एल’ मालिकेतील ५० मिमी एफ १.२ घेतल्याशिवाय कामाला दर्जा येणार नाही. मित्राकडून ती लेन्स दोन दिवसांसाठी आणून एका लग्नात दोन्ही वापरल्या. अल्बम छापून आल्यावर कोणते छायाचित्र कोणत्या लेन्सचे, हे मलाच ओळखता आले नाही. माझी नजर कच्ची आहे, की लोक लेन्सचे गुण न पाहता नावामागे धावतात? — एक वाचक, कराड

उत्तर : आपली नजर कच्ची नाही, आपण ज्या परिस्थितीत तुलना केली, तीत फरक फारसा उरतच नाही. समूहचित्रे आपण बहुधा फ्लॅश लावून एफ ५.६ किंवा एफ ८ वर टिपली असणार. अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, तेवढे बंद केल्यावर (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) ५० मिमीच्या जवळजवळ सर्व लेन्स मध्यभागी सारख्याच स्वच्छ दिसतात आणि कोपऱ्यांतला उरलासुरला फरक अल्बमच्या पानावर विरून जातो. साध्या ५० मिमी लेन्सची मांडणी झाइस या जर्मन कंपनीतील पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये आखलेल्या ‘प्लानार’ या लेन्सच्या कुळातली आहे. मधोमध अ‍ॅपर्चर आणि त्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ एकमेकांची प्रतिबिंबे वाटावीत अशी भिंगे, या रचनेत एका बाजूचे काही दोष दुसरी बाजू आपोआप खोडून काढते. सव्वाशे वर्षे घोटून घेतलेली ही रचना आज सहा भिंगांत आणि सुमारे १६० ग्रॅम वजनात बसते. आपली लेन्स स्वस्त आहे ती यामुळे, दर्जा उतरवल्यामुळे नव्हे.

आता लाल रिंगेबद्दल. ‘एल’ हे अक्षर कॅननच्या सांगण्याप्रमाणे ‘लक्झरी’ या शब्दावरून घेतलेले आहे, आणि ते वाचून हा निव्वळ विक्रीचा खटाटोप वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यामागचे काम खरे होते. लांब पल्ल्याच्या, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्समध्ये निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच जागी एकवटत नाहीत आणि कडांना जांभळी-हिरवी किनार येते. हा दोष आवरायला फ्लोराइट हे स्फटिकरूप खनिज उपयोगी पडते, पण नैसर्गिक फ्लोराइटचे पुरेसे मोठे आणि निर्दोष तुकडे मिळत नाहीत. कॅननने ते कृत्रिमरीत्या वाढवून १९६९ मध्ये ३०० मिमी एफ ५.६ लेन्समध्ये बसवले, आणि १९७१ मध्ये ५५ मिमी एफ १.२ लेन्समध्ये पृष्ठभागाला गोलाची वक्रता नसलेले, म्हणजे अ‍ॅस्फेरिकल भिंग वापरले. ‘एल’ हे अक्षर या कामानंतर आले. मोठ्या टेलिफोटो लेन्सचा पांढरा रंगही असाच आहे. उन्हात लेन्स कमी तापावी हे त्याचे तांत्रिक कारण. पुढे क्रीडांगणाच्या कडेला पांढऱ्या नळ्यांची रांग हीच कंपनीची फुकटची जाहिरात झाली, हा वरकड लाभ.

म्हणजे अक्षर खोटे नाही. ग्राहक त्याचा जो अर्थ लावतो तो मात्र पुष्कळदा चुकतो. ५० मिमी एफ १.२ एल ही २००६ ची लेन्स आठ भिंगांची असून तीत एक अ‍ॅस्फेरिकल आहे, आणि वजन सुमारे ५९० ग्रॅम आहे. ती आपल्या लेन्सपेक्षा सुमारे सव्वादोन पट प्रकाश आत घेते, धूळ-पाण्यापासून अधिक सुरक्षित आहे, फोकसची मोटर अधिक दमदार आहे आणि पार्श्वभूमीचे ब्लर अधिक मऊ येते. यांपैकी एकाही गोष्टीचा अर्थ ‘अधिक शार्प’ असा होत नाही. एफ १.२ वर तिची प्रतिमा जाणूनबुजून जराशी मवाळ ठेवलेली आहे, आणि जवळच्या अंतरावर अ‍ॅपर्चर थोडे बंद केले की फोकस किंचित मागे सरकतो, ही तिची बहुचर्चित खोड आहे. शिवाय एक मीटरवरून एफ १.२ ला जेमतेम तीन सेंटिमीटर जागा फोकसमध्ये राहते. अंतरपाट दूर होतो त्या दोन सेकंदांत नवरीच्या पापण्या स्पष्ट आणि नथ अस्पष्ट, असे चित्र आपल्या यजमानांना चालेल का, हे आपणच ठरवायचे आहे. मंडपात फ्लॅश न लावता, केवळ समयांच्या आणि दिव्यांच्या माळांच्या उजेडात काम करण्याची आपली शैली असेल, तर ती लेन्स पैसे वसूल करून देईल. नसेल तर त्याच पैशांत चांगला फ्लॅश आणि ८५ मिमीची एखादी लेन्स घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की लेन्सविषयीचे कुतूहल बहुतेकदा कामगिरीतून जन्मते आणि नावावर जगते. सिग्मा या जपानी कंपनीकडे अनेक वर्षे ‘मूळ कंपनीची परवडत नाही म्हणून घ्यायची’ या नजरेने पाहिले जाई. २०१२ मध्ये तिने ३५ मिमी एफ १.४ ही ‘आर्ट’ मालिकेतील पहिली लेन्स आणली. तेव्हा ‘आर्ट’ या शब्दाला बाजारात काहीही किंमत नव्हती. परंतु पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर ती कॅननच्या १९९८ च्या लाल रिंगवाल्या ३५ मिमी एफ १.४ पेक्षा अधिक शार्प आहे आणि किमतीने बरीच कमी आहे, असे चाचण्यांत दिसले, आणि त्या बळावर शब्दाला वजन आले. पुढच्या ‘आर्ट’ लेन्स कित्येकांनी चाचणीचा एक परिच्छेदही न वाचता घेतल्या. लाल रिंगेचेही याहून निराळे घडलेले नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ५० मिमी हा असा पल्ला आहे की जिथे महाग अक्षराचा मोबदला सर्वांत कमी मिळतो. भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांना मी असे सांगणार नाही. ४००-६०० मिमीच्या लेन्समध्ये रंगांची किनार, फोकसची चपळाई आणि कंपन रोखण्याची क्षमता यांतील फरक छापील चित्रातही दिसतो. अतिशय वाइड, म्हणजे रुंद दृश्य सामावून घेणाऱ्या लेन्सच्या कोपऱ्यांबाबतही तेच. राहिला प्रश्न यजमानांवर पडणाऱ्या छापाचा. लाल रिंग पाहून मानधनाची घासाघीस थोडी कमी होते, असे काही व्यावसायिक सांगतात, आणि ते मी खोटे मानत नाही. पण तो खर्च मग जाहिरातीच्या खात्यात मांडावा, लेन्सच्या नव्हे.

प्रश्न : कंपन्या आपल्या लेन्सचे एमटीएफ आलेख, म्हणजे लेन्स किती स्पष्ट प्रतिमा देते हे दाखवणारे आलेख, प्रसिद्ध करतात. नावांपेक्षा हे आलेख पाहूनच खरेदी करावी का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाहावेत, पण आलेख कशाचा आहे हे आधी विचारावे. कॅनन आणि निकॉन यांचे आलेख संगणकावरील गणिताने काढलेले असतात. कारखान्यातून बाहेर पडलेल्या लेन्सचे ते मोजमाप नव्हे. झाइसची परंपरा प्रत्यक्ष मोजलेले आकडे छापण्याची आहे. त्यामुळे दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एकाची कुंडली आणि दुसऱ्याची गुणपत्रिका जुळवणे होय. एकाच कंपनीच्या दोन लेन्सची तुलना मात्र उपयोगी ठरते. आडव्या अक्षावर मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर असते, जे फुल-फ्रेममध्ये सुमारे २१.६ मिमी भरते. मिलिमीटरला दहा रेषा असलेल्या नमुन्याची वक्ररेषा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, सांगते आणि तीस रेषांची वक्ररेषा बारीक तपशील.

आलेखात दोन गोष्टी मुळीच येत नाहीत. पहिली म्हणजे आपल्या हातात पडलेला नग. एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्ये भिंग केसभर कलल्यानेही एक बाजू अस्पष्ट येऊ शकते. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या कंपनीचे रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलचे अनेक नग मोजून हा फरक जाहीरपणे दाखवला आहे, आणि महाग लेन्सही त्यातून सुटलेल्या नाहीत. म्हणून नवी लेन्स हाती आल्यावर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, आपण नेहमी ज्या अंतरावरून काम करता तेवढ्याच अंतरावरील विटांच्या भिंतीचे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून दोन हातांवरून केलेली चाचणी फसवी असते, कारण बऱ्याच लेन्स जवळच्या अंतरावर वेगळ्या वागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आवड. झाइसच्या ‘बायोटार’ या जुन्या लेन्सवर बेतलेली ‘हेलिओस ४४’ ही ५८ मिमी एफ २ ची सोव्हिएत लेन्स कोपऱ्यांत आजच्या कुठल्याही साध्या लेन्ससमोर टिकणार नाही. तरीही पार्श्वभूमीतील पाने भोवऱ्यासारखी फिरल्याचा जो भास ती निर्माण करते, त्यासाठी लोक तिला आजही शोधतात. इथे नावाचा बडेजाव नाही आणि चाचणीतले गुणही नाहीत. मागणी चक्क दोषाला आहे.

प्रश्न : मोबाइलच्या कॅमेऱ्यावर झाइस किंवा लायका असे नाव असते. ती लेन्स खरोखर त्या जर्मन कंपनीने बनवलेली असते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सहसा नाही. मोबाइलमधील इवली भिंगे बहुतांशी साच्यात घडवलेल्या प्लास्टिकची असतात आणि ती या कामात तरबेज असलेले पुरवठादार तयार करतात. जर्मन कंपनीचा वाटा आराखड्याविषयीचा सल्ला, भिंगांवरील लेप, दर्जाचे निकष आणि रंगांची जुळणी असा असतो. नाव एकाचे आणि कारखाना दुसऱ्याचा, ही रीत मोबाइलने आणलेली नाही. १७५६ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या फोग्टलेंडर या पेढीचे नाव १९९९ पासून जपानची कोसिना कंपनी आपल्या लेन्सवर वापरते, आणि त्या लेन्स उत्तम आहेत. झाइसच्याही काही लेन्स त्याच कंपनीने घडवल्या आहेत. तेव्हा नाव पाहून मोबाइल घेऊ नये, तसेच नाव आहे म्हणून नाकारूही नये. दुकानात असताना त्याच मोबाइलने एक छायाचित्र दिव्याच्या दिशेने आणि एक अंधाऱ्या कोपऱ्याचे काढून पाहावे. दिव्याभोवती पसरणारी चमक आणि ठिपक्यांसारखी उमटणारी भुते पाहिल्यावर मागच्या बाजूला छापलेल्या अक्षरांची आठवण राहत नाही.