टाचेनं जमीन बघा, मग गाडी लावा

प्रश्न : काका, नमस्कार. जांबोटी भागातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. बसची वाट बघून कंटाळले आणि मे महिन्यात १२५ सीसीची मोटारसायकल घेतली. चालवायला आता जमतंय, पण लावायला जमत नाही. शाळेच्या आवारात तांबडी माती आहे. पाऊस लागल्यापासून दोनदा गाडी साइड स्टँडवरून कलंडली. दुसऱ्यांदा धरायला गेले आणि मनगट लचकलं. मुलं आजूबाजूला खेळत असतात, त्याचीच जास्त भीती वाटते. शाळेतले गुरुजी म्हणतात, डबल स्टँड लावत जा. काय करू? – एक शिक्षिका, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : बाई, आधी मनगटाचं बोलतो. सूज उतरली नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि यापुढे पडणारी गाडी धरू नका. तुमच्या गाडीचं वजन ११० ते १२० किलो असणार. नुकती कलायला लागली असेल तर आवरते, पण एकदा वजन खाली गेलं की हात सोडून मागं सरायचं. क्लचचा लिव्हर बाजारात नवा मिळतो.

आता गुरुजींच्या सल्ल्याबद्दल. फरशीवर, डांबरावर डबल स्टँड चांगलाच. ओल्या मातीत मात्र माझा त्याच्यावर भरवसा नाही. १९९४ च्या श्रावणात येळ्ळूरजवळ भाताच्या बांधाला मी माझी येझदी डबल स्टँडवर लावली होती. वरून जमीन घट्ट दिसत होती. उजवा पाय आत गेला, डावा वरच राहिला आणि गाडी उजवीकडं गेली. मी त्याच बाजूला उभा होतो. पोटरीवर सायलेन्सरचा डाग अजून आहे. दोन पाय म्हणजे दोन ठिकाणची जमीन सारखी घट्ट लागते, आणि शेतात, शाळेच्या आवारात ती तशी क्वचितच असते.

साइड स्टँडचा तळवा साधारण ४ सेंटिमीटर लांब आणि ३ रुंद, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. त्याच्याखाली १२ बाय १२ ची लोखंडी पट्टी ठेवली की १४४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. तोच भार, पण जमिनीवरचा दाब बारा पटीनं कमी. वेल्डिंगवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीची अशी पट्टी कापून घ्या. चारही कडा किंचित वर वळवून घ्या, म्हणजे तळवा घसरत नाही. एका कोपऱ्यात भोक पाडून हँडलपर्यंत पुरेल एवढी दोरी बांधा. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, पर्समध्ये राहते. दोरीचं दुसरं टोक हँडलला अडकवायचं, म्हणजे निघताना पट्टी विसरत नाही आणि वाकून चिखलात हात घालावा लागत नाही. विटेचा तुकडा नको, भिजलेली वीट भाराखाली फुटते. जाड दगडही नको. त्यानं स्टँड उचलला जातो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानं किंवा मुलाच्या धक्क्यानं उलट्या बाजूला पडते.

पण पट्टीच्या आधी टाच. गाडीवर बसूनच डाव्या पायाची टाच, जिथं स्टँड टेकणार तिथं जोरात दाबायची. खड्डा पडला, पाणी वर आलं, तर जागा बदला. आपल्याकडं ही सवय दोन तऱ्हेनं लावावी लागते. तुमच्या खानापूर, जांबोटीकडची तांबडी माती खड्याची, वरून कडक वाटते आणि सततच्या पावसात खालून मऊ होते. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळं रान. ते पाण्यानं फुगतं, वरची पापडी वाळली तरी आत लोणी असतं, आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात स्टँड सरळ उतरतो. यल्लम्माच्या यात्रेत ओळीनं लावलेल्या गाड्या एकीच्या धक्क्यानं दुसरी अशा पडताना मी बघितल्यात. ओळीत लावायची वेळ आली तर शेवटची जागा घ्या आणि अंतर ठेवा.

अजून एक चूक नवीन माणसाकडून हमखास होते. सकाळी जमीन बघून गाडी लावतात आणि दुपारच्या पावसाचा विचार करत नाहीत. तुम्ही पाच-सहा तास गाडी सोडणार, तर तेवढ्या पावसात ती जागा कशी होईल ते बघा. पागोळ्यांखाली कधीच नको.

उतार असेल तर तोंड चढाकडं ठेवा, इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका आणि गाडी सोडून बघा, जागेवर धरली पाहिजे. तोंड उताराकडं असलं की गाडी पुढं सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. हँडल डावीकडं वळवून लॉक करा. वह्यांची पिशवी आधी काढा. मग चार पावलं जाऊन मागं वळून बघा. स्टँड रुतत असेल तर गाडी हळूहळू जास्त कललेली दिसते. चिखल स्टँडच्या सांध्यात अडकला तर तो पूर्ण उघडत नाही, म्हणून रोज पाणी मारा आणि स्प्रिंग ढिली झाली असेल तर बदला.

तरी पडलीच, तर आधी चावी बंद. पेट्रोलचा वास असेल तर मुलांना लांब करा. उजवीकडं पडली असेल तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उभी करताना ती पलीकडं जाते. एकटीनं उचलू नका. उभी केल्यावर लगेच सेल्फ मारू नका, दहा मिनिटं थांबा, लिव्हर आणि ब्रेक बघा.

आणि कायमचा उपाय तुमच्याच भागात आहे. मुख्याध्यापकांना विचारून भिंतीलगतच्या कोपऱ्यात चार जांभा चिरे जमिनीच्या पातळीत बसवून घ्या. गाडीची डावी बाजू भिंतीकडं करा, मध्ये उतरण्यापुरतीच जागा सोडा. कलली तरी भिंतीवर टेकेल, आणि त्या फटीतून मुलांची ये-जा होणार नाही एवढं पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.