तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाने सोशल मीडियावर पालक कसे जोडावेत?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी मुलांचा दवाखाना आहे, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर आठ महिने नेमाने पोस्ट टाकताय, पण लाइक येतात ते कॉलेजच्या मित्रांचे आणि एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) मंडळींचे. आता एक एजन्सी महिन्याला पंधरा हजार मागतेय, द्यावेत का?

एजन्सीचं शेवटी बोलू. आधी ‘जागतिक अमुक दिन’ आणि सणाच्या शुभेच्छांची ग्राफिक्स बंद करा. पाडव्याला तसलीच पोस्ट नगरसेवक टाकतो, सराफही टाकतो. बाळाला ताप आहे म्हणून रात्री जागी असलेल्या आईने तिथे थांबावं असं त्यात काही नसतं.

विषय तुमच्या ओपीडीतच पडलेत. रिसेप्शनवर एक वही ठेवा आणि दोन आठवडे पालकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा. ‘ताप डोक्यात चढेल का?’, ‘दात येतायत म्हणून जुलाब होतायत, चालतं ना?’, ‘लशीच्या जागी गाठ आलीय, शेकू का?’, ‘सहा महिने झाले, आता वरचं काय देऊ?’ हेच शब्द रीलचं शीर्षक, हेच कॅप्शनची पहिली ओळ. ‘अतिसाराचे व्यवस्थापन’ असं कोणी शोधत नाही. दोन आठवड्यांत तीस-चाळीस वेगळे प्रश्न सहज निघतात, म्हणजे तीन-चार महिन्यांची सोय झाली.

एक रील कसं बांधायचं ते ओआरएसवरच (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यावरच) बघू. सुरुवातीला ‘नमस्कार, मी डॉक्टर...’ नको, नाव पडद्यावर खाली येऊ द्या. हातात पाकीट धरून पहिलंच वाक्य: ‘हे अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर बाळाचे जुलाब वाढू शकतात.’ मग कारण: पाणी कमी पडलं की मीठ-साखर दाट होते, ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि रक्तातलं सोडियमही वाढू शकतं. मग कृती दाखवा. मोठं २०.५ ग्रॅमचं पाकीट १ लिटर पाण्यात एकदम ओतायचं. छोटं पाकीट २०० मिलीचं असतं, म्हणून आधी पाकिटावरचा आकडा वाचायचा. घरातली लिटरची पाण्याची बाटलीच माप म्हणून दाखवा, मेझरिंग जार कोणाच्या घरी नसतो. प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. शेवटी दवाखान्यात कधी आणायचं: बाळ पीत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, शीतून रक्त पडतंय, मलूल झालंय. हे सगळं मिनिटभरात बसतं. बसलं नाही तर दोन रील करा, भरभर बोलू नका.

याच विषयाचा दुसरा भाग म्हणजे टेट्रापॅकमधली ओआरएसच्या नावाने विकली गेलेली गोड पेयं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा एकच प्रश्न वर्षानुवर्षं सोशल मीडियावर आणि कोर्टात लावून धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. एका विषयावर पुन्हा पुन्हा बोलायचा कंटाळा करू नका, तुमच्या पोस्ट सगळ्यांना सगळ्या दिसत नसतात.

औषधाचा डोस मात्र रीलमध्ये मिलीमध्ये कधीही सांगू नका. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १५ मिग्रॅ धरलं तर ८ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ होतं. थेंबांच्या बाटलीत (१ मिलीत १०० मिग्रॅ) ते १.२ मिली, १२० च्या सिरपमध्ये (५ मिलीत १२० मिग्रॅ) ५ मिली, २५० च्या सिरपमध्ये (५ मिलीत २५० मिग्रॅ) २.४ मिली. तुम्ही ‘५ मिली’ म्हणालात आणि आईच्या हातात थेंबांची बाटली असेल, तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ गेलं, म्हणजे चौपटीहून जास्त. त्यापेक्षा तिन्ही बाटल्या शेजारी ठेवा आणि लेबलावर आकडा कुठे छापलेला असतो ते दाखवा, कंपनीची नावं झाकून. असं रील लोक सेव्ह करून ठेवतात.

सामान फार लागत नाही. मोबाइल उभा, स्टँडवर, खिडकी तुमच्या समोर (पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो), पंखा बंद, कॉलर माइक. ओपीडीच्या आधी अर्ध्या तासात चार रील होतात. आठवड्याला दोन पुरे. सबटायटल देवनागरीत घाला, कारण बाळ झोपलेलं असताना आवाज बंद करूनच बघितलं जातं. आपोआप आलेली सबटायटल्स स्वतः वाचून दुरुस्त करा, औषधांची आणि आजारांची नावं त्यात हमखास चुकतात. मजकूर अगदी तळाला किंवा उजव्या कडेला नको, तिथे ॲपची बटणं येतात.

एक सूर सांभाळा. काजळ, कानात तेल, बाळगुटी यावरून आजींची टिंगल करणारी रील धो धो चालतात. पण सून ते सासूला पाठवू शकत नाही, आणि निर्णय बरेचदा सासूच्याच हातात असतो. ‘आजी, तुमचं मालिशचं बरोबर आहे, फक्त कानात तेल नको’ असं म्हटलंत तर तेच रील घरच्या ग्रुपवर जातं.

आणि तालुक्यात खरा प्रसार व्हॉट्सॲपवरच होतो. पेशंटांचा ग्रुप अजिबात काढू नका. सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, रात्री अकराला कोणीतरी बाळाच्या पुरळाचा फोटो टाकतं आणि तुम्ही बघायच्या आत तिघांनी स्टेरॉइडची ट्यूब सुचवलेली असते. चॅनल काढा, तिथे फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून लसीकरणाच्या दिवशी, बाळाला अर्धा तास थांबवून घेता तेव्हाच, रिसेप्शनवरून नंबर सेव्ह करायला सांगा, चॅनलचा क्यूआर कोड लस कार्डावर चिकटवा.

पोस्ट हंगामाच्या दहा दिवस आधी जायला हव्यात: पावसाच्या तोंडावर जुलाब, गणपतीच्या सुमारास डेंग्यू, दिवाळीआधी भाजणं आणि खेळण्यातले बटण सेल, थंडीत धाप.

पोस्ट टाकल्यावर तासभर कमेंटना उत्तरं द्या, स्वतः. ‘माझ्या बाळालापण असंच होतं, काय देऊ?’ याला औषधाचं नाव लिहायचं नाही; धोक्याची लक्षणं सांगून दाखवायला या म्हणायचं. इनबॉक्समध्ये सल्ला दिलात की २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती तपासणीच झाली: नोंद ठेवावी लागते आणि मूल असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची ओळख पटवावी लागते. त्यामुळे तिथे आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवा: ‘इथे औषध सांगितलं जात नाही. तातडीचं असेल तर या नंबरवर फोन करा.’ नंबर मात्र उचलला जाणारा हवा.

कायद्याचं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, पण त्यातली सोशल मीडियाची पथ्यं (विकतचे फॉलोअर नकोत, पेशंटकडून शिफारशी मागू नयेत) आत्ताच पाळलेली बरी. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करणं मी टाळेन. ‘दमा कायमचा बरा’ असले दावे औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात अडकतात. तुमच्या शाखेत दुर्लक्षित राहणारा कायदा १९९२ चा, बाळाच्या दुधाच्या पर्यायांचा: पावडरचं दूध, दूध पाजायची बाटली, २ वर्षांखालच्या बाळांचं डबाबंद अन्न यांचा प्रचार चालत नाही. टेबलावर कंपनीचं कॅलेंडर असेल तर शूटिंगआधी काढा. मागे लस कार्ड, केसपेपर, वही दिसत नाही ना तेही बघा. बाळाचा चेहरा शक्यतो नकोच. दाखवायचाच असेल तर आईवडिलांची लेखी संमती वेगळी घ्या, उपचाराची संमती इथे चालत नाही.

लाइक मोजू नका. शेअर आणि सेव्ह बघा, आणि इनसाइट्समध्ये (ॲपच्या आकडेवारीत) बघणारे कुठल्या गावचे आहेत ते बघा. मुंबई-पुण्याचे लाखभर व्ह्यू आले तरी तुमच्या बाकावर कोणी येऊन बसत नाही. केसपेपरवर ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा एक रकाना वाढवा, त्यातून खरं चित्र कळेल. सहा महिने तरी धीर धरा.

आता एजन्सी. पंधरा हजारात महिन्याला बारा ग्राफिक्स देत असतील तर नको. एडिटिंग आणि सबटायटल करणारा गावातलाच एखादा मुलगा रीलमागे पैसे ठरवून घ्या. कमेंटना उत्तरं द्यायचं काम बाहेर देऊ नका. पेज तुमच्या स्वतःच्या खात्याखाली हवं, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड) तुमच्या मोबाइलवर; त्या मुलाला पासवर्ड न देता मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजं सांभाळायच्या ॲपमधून) मर्यादित अधिकार द्या. नाहीतर काम थांबवलंत त्या दिवशी पेजही त्याच्याकडेच राहतं.