जोनाथन एडवर्ड्स. आणि पोराला पहिली उडी मोठी मारायला सांगू नका

तुमचा प्रश्न असा होता: निवृत्त झालेल्या कुठल्या ॲथलिटला मैदानात बघायचं राहून गेल्यासारखं वाटतं, आणि नववीतला मुलगा ट्रिपल जंप (तिहेरी उडी) मारतो तर त्याला कुणाचे व्हिडिओ दाखवू?

पहिल्याला बहुतेक जण बोल्ट म्हणणार. म्हणू देत. मला चुकल्यासारखं वाटतं ते ब्रिटनच्या तिहेरी उडीवाल्या जोनाथन एडवर्ड्सचं. इथं कोल्हापुरात फुटबॉलवाले आणि तालमीतली मंडळी म्हणतात, पळापळीत आणि उड्यांत बघायचं काय? त्यांनी ७ ऑगस्ट १९९५ ची गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेची फायनल एकदा बघावी. पहिल्याच प्रयत्नात १८.१६ मीटर. त्याआधी कायदेशीर वाऱ्यात कुणी १८ च्या पलीकडे गेलंच नव्हतं. १९९२ ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या माइक कॉन्लीची १८.१७ पडली होती, पण पाठीमागचा वारा सेकंदाला २.१ मीटर होता आणि मर्यादा २.०, म्हणजे रेकॉर्ड गेलं. एडवर्ड्स दुसऱ्या प्रयत्नाला आला आणि १८.२९ मारून बसला. फुटात ६० च्या वर. दुसऱ्या नंबरचा वेलमन १७.६२ वर होता, म्हणजे ६७ सेंटिमीटर मागं. ते रेकॉर्ड अजून कुणी मोडलेलं नाही. अमेरिकेचा ख्रिश्चन टेलर २०१५ ला बीजिंगमध्ये १८.२१ पर्यंत आला, तेवढाच.

त्या १८.२९ ची फोड बघा: हॉप (फळीवरून उडून त्याच पायावर पडणं) ६.०५, स्टेप (तिथून दुसऱ्या पायावर) ५.२२, जंप (शेवटी खड्ड्यात) ७.०२. माझं सगळं भांडण या तीन आकड्यांवर आहे. आमच्या ग्राउंडवर एक दादा आहेत. प्रत्येक नव्या पोराला त्यांचं एकच सांगणं, "पहिली उडी ताकद लावून मार, पुढचं आपोआप होतंय." कितीदा वाद घातला, मोजून दाखवलं, तरी ऐकत नाहीत.

आपोआप काहीच होत नाही. पहिली उडी उंच गेली की पोरगं वरून खाली येतं. पाय शरीराच्या बराच पुढं पडतो, टाच आधी टेकते, गुडघा मोडतो आणि वेग तिथंच संपतो. स्टेपच्या वेळी एका पायावर अंगाच्या वजनाच्या दहापटीहून जास्त जोर येतो, नववीच्या पोराचा पाय तो कुठून पेलणार? १२ मीटर मारणाऱ्या पोराचा हॉप ४.८० झाला तर स्टेप ३ मीटरवर येते आणि शेवटच्या उडीत जीव राहत नाही. त्याच पोराला ४.२०, ३.६०, ४.२० कडे न्या. बेरीज तीच दिसते, पण वेग शिल्लक राहतो, आणि पुढची वाढ त्यातूनच होते. रंकाळ्यावर चपटा दगड आडवा भिरकावला तर टप्पे घेत जातो, वरून टाकला तर बुडतो. एडवर्ड्सचा हॉप असाच आडवा जायचा.

आता करायचं काय. धावायचा पट्टा मातीचा असेल तर स्पाइकची खूण दिसते, टेप लावून तिन्ही टप्पे वेगवेगळे मोजा. सिंथेटिकवर मोबाईल जमिनीलगत ठेवून स्लो मोशन घ्या. त्याहून सोपं म्हणजे डोळे मिटून पाय पडल्याचा आवाज ऐका. टप्-टप्-टप् सारख्या अंतरानं आलं तर ठीक. पहिल्यानंतर मोठी फट आणि मग घाईघाईत टप्-टप् आलं, तर हॉप फुगलाय. गवतावर चुन्याच्या तीन रेषा सारख्या अंतरावर मारा आणि ७ पावलांच्या रनअपवरून रेषांवर पाय टाकायला लावा. विटा ठेवू नका, घोटा जातो. पाय सपाट पडला पाहिजे, चवड्यावर नाही आणि टाचेवरही नाही, आणि मागं खेचत पडला पाहिजे. आठवड्यातून दोनदा, एका वेळी ५०-६० टप्पे पुरेत. शंभराच्या वर गेलात की नडगी दुखायला लागते आणि पंधरा दिवस वाया जातात.

रनअप ११ ते १३ पावलांचा ठेवा. मोठ्यांसारखी अठरा पावलं घेऊ नका, वेग सांभाळता येत नाही. उडीच्या फळीपुढं २० सेंटिमीटर पाय पडून फाऊल होत असेल तर सुरुवातीची खूण तेवढी मागं घ्या. पण पोरगं शेवटची दोन पावलं लांब टाकून फळी गाठत असेल तर खूण हलवून काही होणार नाही. शेवटचं पाऊल किंचित आखूड पडायला हवं. फळीकडं बघत पळणं हा आणखी एक रोग. नजर समोर, खड्ड्याच्या पलीकडं.

व्हिडिओ? एडवर्ड्सचे दाखवा, पण त्याचे दोन्ही हात एकदम मागून पुढं येतात तो भाग आत्ताच शिकवू नका. तो स्वतः १९९५ च्या आसपास त्या पद्धतीकडं वळला, आणि हात चुकले की फळीवर वेग मरतो. आधी पळताना हलतात तसे आलटून पालटून हात पुरे. ख्रिश्चन टेलरही दाखवा. २०१२ च्या लंडनचं सुवर्ण त्यानं डाव्या पायावरून उडी घेत मिळवलं, मग गुडघ्यानं साथ सोडली तेव्हा पाय बदलला आणि २०१६ ला रिओत उजव्या पायावरून पुन्हा सुवर्ण. अशी हिंमत फार कमी जणांत असते. आठवण येणाऱ्यांच्या यादीत दुसरा नंबर त्याचाच.

एक राहिलंच. एडवर्ड्सचे आकडे त्याच्या वेगाचे आहेत, तो वजनाला हलका आणि पळायला स्प्रिंटरच्या तोडीचा होता. तुमचा पोरगा दणकट आणि जरा मंद असेल तर हॉप थोडा मोठा चालतो. आणि एडवर्ड्स काही अजिंक्य नव्हता. पुढच्याच वर्षी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या केनी हॅरिसननं १८.०९ मारून त्याला मागं टाकलं. टाच दुखत असेल तर उड्या बंद करून आधी डॉक्टर, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे उत्तर फिरत फिरत आमच्या दादांपर्यंत पोचलंच, तर दादा, तिन्हीत मोठी कुठली होती ते वर परत वाचा. ७.०२. शेवटची.